परळहून चालत आलेल्या मुलीविरुद्ध वॉकओव्हर

परळच्या आमच्या हॉलचं छत इतकं खाली होतं की उंच मारलेलं शटल तुळईला आपटायचं आणि पॉइंट जायचा. म्हणून मी नेटला घासून जाणारे सपाट फटके शिकले. त्या फटक्यांच्या जोरावर एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या निवड स्पर्धेत सेमीफायनलला पोचले. चाळीतली, गिरणीच्या साचेखात्यात मागावर राबणाऱ्या कामगाराची मुलगी. मॅच गिरगावातल्या एका जिमखान्यात होती, दुपारी चारला.

त्या दिवशी मुंबई बंद होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, आदल्या दिवशी गोळीबार झाला होता. ट्राम नाही, बस नाही. आई म्हणाली, "खेळाबिळाचं राहू दे आज."

बाबांनी टोपी घातली. "चल गो, चलत जावया."

दीडला निघालो. लालबागला पोलिसांनी अडवलं. रॅकेट वाकू नये म्हणून तिला लाकडी प्रेस आवळलेला होता. पिशवीतून चाचपल्यावर शिपायाला ते हत्यारच वाटलं. मी एकेक स्क्रू काढून दाखवला. पुढे भायखळ्याला अश्रुधूर. डोळे पुसत, गल्ल्यांतून वळसे घेत जिमखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"तुम्ही आला नाहीत, समोरच्या मुलीला वॉकओव्हर दिला," सेक्रेटरी म्हणाले. मराठी गृहस्थ होते, गिरगावातलेच. "पंधरा मिनिटं थांबलो. नियम म्हणजे नियम."

"रस्ते बंद आहेत, साहेब. आम्ही परळहून चालत आलो," मी म्हटलं.

"रस्ते बंद कोणी केले? तुमच्या गिरणगावानंच ना?"

तेवढ्यात स्कोअर लिहिणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "काल एका मेंबरांच्या मुलीची गाडी अडकली होती. तासभर थांबलो की आपण." सेक्रेटरींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाई पुन्हा वहीत डोकं घालून बसल्या.

आणि माझ्या बाबांनी हात जोडले. संपात मुकादमापुढे न वाकलेला माणूस. "साहेब, पोरीची काय चूक?"

"बाबा, हात खाली घ्या!" मी ओरडले. सगळा हॉल वळून बघायला लागला.

मी चपला काढल्या, अनवाणीच कोर्टवर गेले आणि सर्व्हिसच्या जागी उभी राहिले. समोरची मुलगी मलबार हिलवरची, पांढऱ्या स्कर्टातली. ती आपल्या वडिलांकडे बघत क्षणभर घुटमळली, मग रॅकेट उचलून नेटपलीकडे आली. "खेळू या," एवढंच म्हणाली.

पायाला फोड आले होते, तरी माझे सहा पॉइंट झाले, तिचे चार. सातव्याची सर्व्हिस करणार, तोच हॉलमधले दिवे गेले. सेक्रेटरी बटणापाशी उभे होते. "हॉल रिकामा करा," म्हणाले.

निवडलेल्या संघाची यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं.

मी खेळणं सोडलं नाही. रागानं खेळले. पुढच्या वर्षी त्याच मुलीला सरळ दोन गेममध्ये हरवलं, नेटवर हात मिळवला; तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. महाराष्ट्र झाला त्या वर्षी संघात आले, नंतर दोनदा अजिंक्यपद जिंकलं. हारतुरे झाले. लोक म्हणतात, आता विसर की ते. वीस मिनिटांचा तर प्रश्न होता.

वीस मिनिटं मी केव्हाच विसरले असते. पण बाबा त्या दिवसानंतर माझी एकही मॅच बघायला आले नाहीत. मॅचच्या दिवशी ते चाळीच्या गॅलरीत बसून राहायचे. मी जिन्यावर दिसले की विचारायचे, "काय झाला?" मी जिंकल्याचं सांगायचे. "बरा झाला," म्हणायचे. "येत का नाही?" असं मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, "मी इलंय तर तुझा नुकसान होता."

आपण आलो की पोरीचं नुकसान होतं, असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं. याची माफी मी त्या सेक्रेटरींना दिलेली नाही, देणारही नाही.