दुपारची गोळी

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे फौजदार म्हणतात. वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात ती नर्स आहे. रक्तदाब तपासायला आलेल्या माणसाला ती आधी खुर्चीत नीट टेकून बसायला लावते, जरा दम खाऊ देते आणि मगच दंडाला पट्टा गुंडाळते. मध्ये कुणी तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यातून डॉक्टरांचीही सुटका नाही.

मागच्या वर्षी एका झाडूवाल्या बाईंनी मात्र तिला जेरीस आणलं. बाईंची थोरली बहीण रक्तदाबापायीच अर्धांगाचा झटका येऊन गेली होती, आणि आता यांचाही आकडा काही केल्या उतरत नव्हता. गोळ्या वेळेवर घेते, असं त्या दर खेपेला सांगत. डॉक्टर पेचात पडले. डोस वाढवायचा तर आहे ती गोळी पोटात जातेय का, हे आधी कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. ते काम आमच्या फौजदाराकडे आलं.

दवाखान्यात बाई बोलणार नाहीत, हे तिने ओळखलं. झाडलोट आटोपून बायका हजेरीच्या शेडमध्ये चहाला बसतात, तिथे ती जाऊन बसली. औषधाचं नावही काढलं नाही. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं ऐकत राहिली. शेवटी बाईच म्हणाल्या, "सिस्टर, ती गोळी घेतली की सारखं लघवीला होतं. भर रस्त्यात मी जाऊ कुठं?"

शेजारची म्हणाली, "आम्ही तर पाणीसुद्धा पीत नाही, अन् तुम्ही गोळी देता."

रस्त्यावर दुकानं होती, बँक होती. पण झाडूवालीला आत येऊ देईल असं स्वच्छतागृह एकही नव्हतं. तीच गोळी मीही घेतो. माझ्या ऑफिसात टेबलावरून उठलं की समोरच सोय, त्यामुळे अशी अडचण असते हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली: काम संपवून घरी पोचल्यावर, दुपारी. शिवाय काम कुठलं, तिथे सोय आहे का, हे प्रत्येकाला विचारायची पद्धतच पाडली. सगळ्यांना सारखी गोळी वाटून भागत नाही, असं आता तेच इतरांना सांगतात.

पुढे एकदा मी तिथे नंबर लावून बसलो असताना त्या बाई आल्या. बहिणीने एकदा मोजलं, थांबून पुन्हा मोजलं, आणि म्हणाली, "उतरलंय."

बाई उठून दारापाशी गेल्या आणि बाहेर रेंगाळणाऱ्या जावेला दंडाला धरून आत घेऊन आल्या. "आता हिचं बघा. हीसुद्धा तुमच्याशी खोटंच बोलते."

खोली हसली. माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना सांगून टाकलं, "ती नर्स आहे ना, माझी सख्खी बहीण."