टीव्हीला पांघरलेली शाल

माजरीतले रविवार आठवायला बसले की मला आधी एक आवाज ऐकू येतो. बाटलीत भुंगा कोंडावा तसा. दुरून येतो, वाढतो, खोलीभर होतो आणि भिंतीपलीकडे निघून जातो. शर्यतीच्या गाड्यांचा आवाज तो, आमच्या टीव्हीतला. बाहेर दिवस कलायला लागलेला असायचा, खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं आणि त्यात कोळशाची बारीक धूळ इतक्या सावकाश तरंगायची, की टीव्हीतली गाडी आणि खोलीतली धूळ एकाच जगातल्या आहेत हे खरं वाटायचं नाही. आई ती धूळ दिवसातून तीनदा पुसायची. तिला त्यात काही सुंदर दिसायचं नाही, आणि तिचंच बरोबर होतं.

बाबा माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. उघड्या खाणीतला डंपर ज्याने पाहिला नाही त्याला कसा सांगावा? आमचं अर्धं क्वार्टर त्याच्या पाठीत मावलं असतं. केबिनमध्ये चढायला शिडी, आणि चाक बाबांच्या डोक्याहून उंच. खाली खाणीत उतरायचं, शॉवेलने, म्हणजे कोळसा उपसणाऱ्या अजस्र यंत्राने, भरून घ्यायचं, वळणं घेत वर यायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा खाली. तीस वर्षांहून जास्त काळ हेच, सायकलवाल्यालाही हेवा वाटणार नाही अशा वेगाने. आणि रविवारी हाच माणूस जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या बघायला पलंगावर मांडी ठोकून बसायचा.

सोबत दोन काका असायचे. एक खाणीच्या टायर विभागात फिटर, दुसरे शॉवेल चालवणारे. टायरवाले काका शर्यत बघतच नसत. गाडी चाकं बदलायला आत आली की ते मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरायचे आणि मग हताश होऊन आमच्याकडे बघायचे.

"चार टायर, सात सेकंद! आमच्या इथी एक टायर काढाले आख्खी पाळी जाते. हे लोक चिडवून राह्यले आपल्याले."

शॉवेलवाले काका फार बोलायचे नाहीत. त्यांना फक्त चहा हवा असायचा आणि आपल्या घरापेक्षा आमच्याकडचा आवाज बरा वाटायचा.

तिघांची एक आवडती गाडी होती. फिकट राखाडी रंगाची, दूरदेशातल्या एका मोठ्या कार कंपनीची. ती कधी जिंकायची नाही. नवव्या, अकराव्या नंबरावर यायची. मी कितीदा म्हटलं असेल, बाबा, पुढची लाल गाडी धरा, निदान पेढे तरी वाटता येतील.

"लाल गाडी मधातच आग धरते," बाबा म्हणायचे. "हे नाई धरत. निघाली का वापस येते. गाडीचं काम तेवढंच असते, बाई."

दर फेरीला ती राखाडी गाडी समोरच्या सरळ रस्त्यावर दिसली की बाबा हळूच म्हणायचे, "आली." पुढे पुढे त्यांचा डोळा लागायचा. तरी त्यांचा उजवा पाय पलंगावर अधूनमधून दाबला जायचा. झोपेतही खाणीचा उतार लागून ब्रेक दाबावा लागत असणार. आई ते बघून तोंडाला पदर लावून हसायची.

त्या हिवाळ्यात बाबा रिटायर होणार होते, डिसेंबर संपता संपता. आणि घरात त्या विषयावर बोलायची चोरी होती. सावलीला, आमच्या मूळ गावी, दोन बांध्या, म्हणजे दोन खाचरं, धानाची शेती आणि नवीन बांधलेलं दोन खोल्यांचं घर. आईने त्याला स्वतः रंग निवडला होता. लग्नानंतर लगेच ती या काळ्या धुळीत आली, तेव्हापासून तिला परत जायचं होतं. बाबांना जायचं नव्हतं. पण नाही असंही ते म्हणत नव्हते. आईने विषय काढला की ते चपला घालून बाहेर पडायचे. आई जायच्या तयारीने सामानाचे दोन-तीन डबे बांधायची, चार दिवस वाट बघायची आणि पुन्हा सोडायची.

कारण मला माहीत होतं: त्यांना मुळात रिटायर होणंच नको होतं. खाणीच्या गेटजवळ एक पुलिया, छोटासा पूल, आहे. रिटायर झालेले लोक पाळी सुटायच्या वेळी तिच्यावर येऊन बसायचे. कुणी बोलवत नसे, तरी यायचे. एक जण तर सवयीने जेवणाचा डबाही आणायचा. बाबा त्यांच्याकडे न बघता पुढे निघून यायचे. खाणीत दर महिन्याच्या शेवटी निरोपाचा कार्यक्रम असतो. खुर्च्या, हार, शाल, नारळ, साहेबांचं भाषण, आणि ज्याला निरोप द्यायचा तो दोन शब्द बोलायला उठतो आणि रडतो. बाबांनी टायरवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, "माझं नाव वाचाल तं मी खुर्चीवर दिसणार नाई. ट्रिप मारत राहीन मी." मला तेव्हा त्यांचा फार राग आला. आईचं तोंड बघवत नव्हतं.

राग यायला मला वेळही भरपूर होता. कॉलेज संपवून मी घरी बसले होते. नोकरीचं पत्र आलं होतं, मग मंदी आली, आणि रुजू व्हायची तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा पत्रच आलं नाही. मंदी म्हणजे काय ते मी रोज पेपरात वाचायचे. माजरीत तिचा पत्ता नव्हता. कोळसा निघत होता, मालगाड्या जात होत्या, दुपारी सुरुंगाच्या धक्क्याने मांडणीवरची भांडी खुळखुळत होती. मंदी आमच्या घरात फक्त माझ्या खोलीत राहत होती.

मग एका सकाळी ती पेपराच्या खेळाच्या पानावर दिसली. राखाडी गाडीच्या कंपनीने शर्यत सोडली होती. लोक नव्या गाड्या घेईनासे झाले, तेव्हा शर्यतीवरचा खर्च झेपत नाही, पुढच्या मोसमात संघ उतरणार नाही. शेवटी काम करणाऱ्या सगळ्यांचे आभार. बातमी चार बोटांची होती. काका आल्यावर मी ती तिघांना वाचून दाखवली.

बाबा म्हणाले, "गाडी खराब झाली का?"

"नाही, बाबा."

"ड्रायव्हर?"

"तोही चांगला आहे."

"मंग काऊन बंद?"

मी मंदी समजावून सांगितली. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच भाव होते जे माझं पत्र लांबलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर असणार. टायरवाल्या काकांना भलतीच काळजी लागली होती.

"आभार मानले म्हणते. पण निरोप देल्ला का त्यायले? शाल, नारळ काही?"

मी म्हटलं, तिकडे तशी पद्धत नसेल.

"असं कसं? सात सेकंदात चार टायर बदलवणारे लोक. त्यायले असंच घरी पाठवाचं?" काकांनी पेपर माझ्या हातून घेतला आणि बातमीत शाल कुठे आहे ते स्वतः शोधलं. तेव्हा मी हसले. अजूनही हसते, पण आता त्यांच्या बाजूने.

पुढच्या रविवारी ते दोघं आले ते पिशवी घेऊन. त्या दिवसांत नव्या शर्यती नव्हत्या, वाहिनीवर सरलेल्या मोसमाच्या जुन्या शर्यती दाखवत होते, आणि त्या दिवशी शेवटची होती. राखाडी गाडी पडद्यावर आली तसे टायरवाले काका उठले आणि त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर शाल पांघरली, दोन्ही बाजूंनी नीट ओढून, नव्या नवरदेवाला सारखी करतात तशी. वर नारळ ठेवला. तो घरंगळला. शॉवेलवाल्या काकांनी झेलला आणि मांडीवर धरून बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. कुणीही हसलं नाही.

"भाऊ," काका बाबांना म्हणाले, "सगळ्यात सिनियर तुमी. दोन शब्द बोला."

मला वाटलं बाबा चपला घालतील. पण ते उभे राहिले. खिडकीतलं ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. टीव्हीतला भुंगा दूर गेला, जवळ आला, पुन्हा दूर गेला. मला तेव्हा असं वाटत होतं की ही खोलीच कुठेतरी हळूहळू निघाली आहे आणि आम्ही सगळे तिच्यात बसलो आहोत.

"हे शेवटची ट्रिप हाय याची," बाबा म्हणाले. "आन त्याले माहीत नाई."

पडद्यावर ड्रायव्हर वळण घेत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. महिन्याभरापूर्वी आम्ही हीच शर्यत पाहिली तेव्हा आम्हालाही नव्हतं. बाबांचा डोळा लागला होता त्या दिवशी.

"पाह्य, कसा चालवून राह्यला. उद्या अजून हाय असं समजून. त्याले सांगतलं असतं कोणी, तं थोडा हळू आला असता. पाहून घेतलं असतं सगळं." मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाले, "मले तं सांगतलं हाय. तारीख देल्ली हाय."

गाडी सरळ रस्त्यावर आली आणि शर्यत संपली. दहावा नंबर. "आली," बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला.

बाबा पुढे झाले, टीव्हीच्या पाठीला हात लावून बघितला. "गरम होऊन राह्यला. जळून जाईन ना बाप्पा." त्यांनी शाल काढली, घडी घातली, मोडली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. तेव्हा आई दारातून बोलली.

"राहू द्या जी अंगावर. थंडी हाय."

ते शाल पांघरून बसले. चहा झाला, काका गेले, तरी त्यांनी ती काढली नाही. जेवतानाही ती खांद्यावर होती. दुसऱ्या दिवशी आईने डबे बांधले आणि ते पुन्हा सोडले नाहीत.

शेवटच्या दिवशी बाबांची सकाळची पाळी होती. शॉवेलवाल्या काकांनी मला नंतर सांगितलं, की शेवटच्या ट्रिपला बाबा इतके सावकाश वर आले की मागे डंपरांची रांग लागली, आणि कुणीही हॉर्न वाजवला नाही. कार्यक्रमात बाबा खुर्चीवर बसले. बोलायला उठले, "सगळे वापस आलो, बस," एवढंच म्हणाले आणि रडले. सगळेच रडतात.

आम्ही सावलीला पोचलो तेव्हा धान कापून झालं होतं. शिवारात कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, उभे होते आणि बांध्यांमध्ये लाखोळीच्या पिकाला निळी फुलं यायला लागली होती. इतकी शांतता होती की कान दुखत. पहिल्याच दुपारी बाबा नव्या खोलीत आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. मी उंबऱ्यावर बसून आईने निवडलेला रंग बघत होते. मला तो आवडला नव्हता, पण त्या उजेडात तो शोभत होता. थोड्या वेळाने बाबांचा उजवा पाय हलला. दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला.

या वेळी आई हसली नाही. कोपऱ्यातली शाल घेऊन तिने त्यांच्या पायांवर घातली आणि त्या पायावर हात ठेवून बसली.

"आलो जी आपण," ती हळूच म्हणाली. "आलो."

पाय थांबला.