धुतलेलं सोनं

डेल्बर्ट सॅटरफील्डच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याच्या जिवलग मित्राने त्याला आठ गुणांची भेट दिली, आणि डेल्बर्टने त्याच सकाळी त्याच्याशी बोलणं टाकलं.

डलॉनिगा गावाच्या चौकातल्या खानावळीत नाणेमंडळाची माणसं दर शनिवारी न्याहारीला जमतात. त्या दिवशी दोन टेबलं जोडली होती, मधोमध केक होता. रॉइस ग्रिझल उभा राहिला, त्याने काट्याने पेला वाजवला आणि खिशातून प्लास्टिकची एक सीलबंद डबी काढून डेल्बर्टच्या बशीशेजारी ठेवली. डबीत १८४७ सालचं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं होतं. डेल्बर्टचंच. वरच्या पट्टीवर नाणी तपासून गुण देणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्राचा नवा क्रमांक आणि गुण छापलेले होते : सत्तरपैकी त्रेपन्न. अकरा आठवड्यांपूर्वी डेल्बर्टने ते रॉइसच्या हाती दिलं तेव्हा पट्टीवर पंचेचाळीस होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेल्बर्टने चष्मा कपाळावर सरकवला, डबी डोळ्यांजवळ नेली. ती उलटसुलट करून तो पाहत राहिला, तेव्हा लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलंय.

"याचा चेहरा कुणी धुतला?" त्याने विचारलं.

रॉइस हसला. "आठ गुण वाढले, डेल. आठ. आभार मान आणि केक काप."

डेल्बर्टने केक कापला नाही. डबी शर्टाच्या खिशात घातली, टोपी उचलली आणि तो निघून गेला. त्याच्या मागे मंडळातला हॉयट मोठ्याने म्हणाला, "अरे, मातीच हवी होती ना? तुझ्या परसात काय मातीचा दुष्काळ पडलाय? चोळ थोडी." त्यावरचं हसू डेल्बर्टला रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

या माणसाचा राग समजायचा तर त्याचं आयुष्य थोडं सांगायला हवं. डेल्बर्टने चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांत गुडघ्यांवर बसून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या. काजळीने त्याचे हात कायमचे करडे झाले. लग्नात काढलेल्या फोटोत त्याने ते पाठीमागे लपवले आहेत. सोन्याची हौस अशा माणसाला परवडणारी नव्हती, पण डलॉनिगात जन्मलेल्या माणसाला ती टाळताही येत नाही. याच डोंगरांतलं सोनं काढून याच गावच्या टाकसाळीत तेवीस-चोवीस वर्षं नाणी पाडली, यादवी युद्ध सुरू झालं आणि टाकसाळ बंद पडली. त्या नाण्यांवर गरुडाच्या पायाखाली गावाचं एक इवलंसं अक्षर असतं. डेल्बर्टकडे अशी चार नाणी होती. तीन झिजलेली. चौथं हे.

हे त्याने एकोणनव्वद साली एका म्हातारीकडून घेतलं. दोन हिवाळे रविवारीही कामं घेतली, तेव्हा जमलं. त्या नाण्यावर तांबूस साय धरली होती, जुन्या तांब्याच्या भांड्याला धरते तशी. एका बाजूच्या बाईच्या मुकुटावरच्या अक्षरांत आणि दुसऱ्या बाजूच्या गरुडाच्या पिसांत लाल माती बसलेली होती. ती कुणाच्या खिशातली, कुणाच्या जमिनीतली, कुणालाच ठाऊक नव्हतं. चमक बेताचीच होती. पण पावणेदोनशे वर्षांत त्या नाण्याला कुणी घासलं नव्हतं, पुसलं नव्हतं, औषधी पाण्यात बुचकळलं नव्हतं. डेल्बर्टच्या लेखी त्याची किंमत तिथेच होती. बाकीचे लोक पट्टीवरचा आकडा वाचायचे. तो माती बघायचा.

हे तो लपवून ठेवत नसे. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत तो त्यावर बोले, लोक कंटाळून कॉफी आणायला उठत तरी बोले. वार्षिक प्रदर्शनात 'न धुतलेलं' असा वेगळा विभाग त्यानेच भांडून मिळवला होता. त्यात नाणं मांडणाऱ्याने एका कार्डावर सही करायची : माझ्या माहितीप्रमाणे या नाण्यावर कुणी हात चालवलेला नाही. बारा वर्षं डेल्बर्ट ती सही करत आला होता, आणि बारा वर्षं परीक्षक आकडा बघून बक्षीस हॉयटला देत आले होते.

रॉइसला हेच सहन होत नव्हतं. तो नाण्यांचा व्यापारी, पण मनाने मऊ. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा त्याचा पोचे. डेल्बर्टच्या नाण्याची डबी चरे पडून धुरकट झाली होती. अशी डबी कंपनीकडे पाठवली की ते नाण्याला न छेडता नवीन डबीत घालून देतात, गुण तेच राहतात. डेल्बर्टने तेवढ्यासाठीच नाणं त्याच्याकडे दिलं होतं. रॉइसने घरी जाऊन जुनी डबी चिमट्याने फोडली, नाणं सोनार दागिने उजळायला वापरतात त्या औषधी पाण्यात बुडवलं, धुऊन चमकवलं आणि नव्याने तपासायला धाडलं. या धंद्यात हे सर्रास चालतं. नाणं उजळलं, कंपनी फसली किंवा फसायला राजी झाली, आणि आकडा वाढला.

त्यानंतर आठवडाभर डेल्बर्ट घरात आदळआपट करत फिरला. फोन वाजला की उचलत नसे. इमोजीनने, त्याच्या बायकोने, दोनदा रॉइसची बाजू घेतली. त्याने जे केलं ते तुझ्यासाठी केलं, वर फीसुद्धा स्वतःच्या खिशातून भरली, असं ती म्हणाली. डेल्बर्ट म्हणाला, मी मागितलं नव्हतं. ती म्हणाली, भेट कुणी मागत नाही.

"इमोजीन," तो म्हणाला, "तीस वर्षं तो माझ्यासमोर बसून मान डोलावतोय. तीस वर्षं मी कुणाशी बोलत होतो?"

तिने फक्त एवढं मागितलं की येत्या शनिवारच्या प्रदर्शनात काय लिहायचं ते लिही, पण त्याचं नाव लिहू नकोस. नाणी विकणाऱ्याचं पोट विश्वासावर चालतं. डेल्बर्ट कुरकुरला, पण कबूल झाला.

तिने आणखी एक विचारलं, नाणं मांडतोस तरी कशाला? डेल्बर्टलाही रात्रभर तोच प्रश्न पडला होता. न मांडावं तर रॉइसची करणी झाकली जाते. नेहमीसारखी सही करून मांडावं तर त्रेपन्न गुणांवर यंदा बक्षीस नक्की, आणि सही खोटी. नवं प्रमाणपत्र धुण्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतं. डेल्बर्टखेरीज ते कुणाला सिद्ध करता आलं नसतं.

शनिवारी सभागृहात त्याने काळी मखमल अंथरली, मधोमध डबी ठेवली. शेजारी नाण्याचा जुना फोटो ठेवला, जुन्या क्रमांकावरून कंपनीच्या नोंदीतून छापून आणलेला, लाल माती आणि तांबूस सायीसकट. सहीच्या कार्डावरचं छापील वाक्य त्याने खोडलं आणि खाली करड्या बोटांनी ठळक लिहिलं : हे नाणं धुतलेलं आहे. मी धुतलेलं नाही. डेल्बर्ट सॅटरफील्ड.

माणसं यायची, फोटो बघायची, डबी बघायची, कार्ड वाचायची आणि मग मान वळवून पलीकडच्या रांगेत रॉइसच्या टेबलाकडे पाहायची. नाणी कंपनीकडे कोण पोचवतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वाजेपर्यंत रॉइसच्या टेबलासमोरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. हॉयटसुद्धा आला, वाचलं, आणि त्याला एकही विनोद सुचला नाही.

शेवटी रॉइस लंगडत आला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्याला महिनाच झाला होता. त्याने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"कंपनीने पास केलंय, डेल. तू त्यांच्यापेक्षा शहाणा?"

"मग ती माती कुठे गेली, तेवढं सांग."

रॉइस फोटोवर वाकला. डेल्बर्टला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, गिऱ्हाइकाशी बोलतो तसं गोड. पण रॉइस फोटोकडून डबीकडे आणि डबीकडून फोटोकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"मला वाटलं मळ आहे," तो म्हणाला.

"मळच होता. माझा होता."

रॉइसने वरच्या खिशातलं पेन काढलं. "नाव का नाही लिहिलंस?"

"इमोजीनने नको म्हटलं."

"तिच्यामुळे माझ्यावर मेहेरबानी नको. आणि लोकांना असंही वाटेल की तू स्वतःच धुऊन वर साव बनतोयस." त्याने कार्ड ओढून घेतलं आणि डेल्बर्टच्या सहीखाली लिहिलं : मी धुतलं. न विचारता. रॉइस ग्रिझल. मग पेनाला टोपण लावलं. "झालं आता?"

"नाही," डेल्बर्ट म्हणाला.

परीक्षकांबरोबर मिस ओडेसा आल्या, मंडळाच्या अध्यक्ष, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी भिंगातून कार्ड वाचलं. "डेल्बर्ट, या विभागातून तुमचं नाव मला काढावं लागेल."

"काढा, मिस ओडेसा. काढायलाच हवं."

बक्षीस पुन्हा हॉयटला गेलं. दुपारी अडीचला, सगळ्यांच्या आधी, रॉइस आवरू लागला. काचेच्या तीन जड पेट्या होत्या, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने त्याला एकही उचलता येईना. आजूबाजूची माणसं दुसरीकडे बघत होती. डेल्बर्ट आपल्या टेबलावरून उठला. त्याने पहिली पेटी उचलून रॉइसच्या गाडीत ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. रॉइस काहीतरी म्हणू लागला.

"तोंड उघडू नकोस," डेल्बर्ट म्हणाला, आणि त्याने डिकी गरजेपेक्षा जरा जास्तच जोराने आपटून लावली.