बाहेरच्या खिळ्यावरचा बिल्ला

मॉरीन पास्कोचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि टॉलिव्हर गावात कुणाला त्याचं नवलही वाटत नसे. जिचा बाप पगाराच्या दिवशी खाणीतून वर आला आणि बायकोला, सहा वर्षांच्या पोरीला न सांगता पसार झाला, ती बाई दुसरं काय करणार? पेट्रोल भरताना पंपाच्या आकड्यावरची तिची नजर हलत नसे. नवऱ्याचे खिसे तर तिनं इतके तपासले की शेवटी तो बिचारा खिशांसकट निघून गेला.

उन्हाळ्यात ती फिरायला आलेल्या पाहुण्यांना भाड्यानं जीपमधून खिंडीच्या रस्त्यानं वर नेई. वाटेत चांदीच्या खाणींच्या जमान्यातली ओस गावं लागत, आणि शेवटी बंद पडलेली लकी मार्था खाण. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कठडा नावालाही नाही. कठडा घातला तर हिवाळ्यात बर्फ ढकलायचा कुठं? पाहुण्यांची बोबडी वळली की मॉरीनला मनातून बरं वाटे.

त्या दिवशीच्या म्हाताऱ्याची वळली नाही, तिथंच तिला पहिली शंका आली. चांगला ऐंशीच्या पुढचा गडी. नाव सांगितलं ब्राउन, राहणार ओहायो, इकडं पहिल्यांदाच येतोय म्हणाला. एकट्यानं अख्खी जीप ठरवलेली. आणि वळण दिसायच्या आधीच तो आतल्या अंगाला कलत होता.

"आधी आला होतात वाटतं इकडे?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"छे हो. आमच्याकडे कुठले असले डोंगर."

तर तर, मॉरीन मनात म्हणाली. गेल्याच वर्षी असल्याच एका गोडबोल्यानं खाणीच्या शेडमधला कंदील कोटाखाली घालून नेला होता. हाही त्याच माळेतला मणी. आज याला रंगेहाथ पकडायचा, तिनं ठरवून टाकलं.

शेडमध्ये पोचल्यावर तिनं भिंतीवरची फळी दाखवत नेहमीची टकळी सुरू केली. "खाणीत उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर लावायचा, वर आला की 'बाहेर'च्या. सगळे बाहेर दिसले की मगच सुरुंग उडवायचे. बघा, एकूण एक बिल्ला बाहेर आहे. या खाणीनं माणूस खाल्ला नाही, म्हणून तर ती लकी."

त्यातला एकशे सतरा नंबर आपल्या बापाचा, हे ती कधीच कुणाला सांगत नसे. पळपुट्याचा नंबर म्हणून तो पुढं कुणी घेतलाच नव्हता. तो तिथं लटकलेला दिसला की अजून तिच्या अंगाचा तिळपापड होई.

जेवायला तिनं बेकरीतल्या पास्ट्या आणल्या होत्या. पास्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेला, हातात मावणार नाही एवढा कानवला. म्हाताऱ्यानं शेवटचा कोपरा मोडला आणि न बोलता खाणीच्या तोंडाकडे भिरकावला. मॉरीनचा घास तोंडातच राहिला. तो कोपरा खाणीतल्या बुटक्या भुतांचा वाटा, आणि ही रीत फक्त खाणकऱ्यांची. ओहायोच्या ब्राउनला ती कुणी शिकवली?

"टायर बघून येते," म्हणत ती उठली आणि शेडच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. म्हातारा फळीपाशी गेला. त्यानं हात घातला तो थेट एकशे सतराला, आणि बिल्ला खिळ्यावरून काढला. मॉरीननं आत धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"सोडा तो बिल्ला. या वयात चोरी करायला लाज नाही वाटत?"

"चोरत नाहीये मी," तो म्हणाला. "जागेवर लावतोय." त्याची बोटं 'आत'च्या खिळ्याशी पोचली होती.

मॉरीनला काही कळेना.

"मी आल्डो," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा, जोएलचा खाणीतला जोडीदार. फळीपाशी रांगेत उभं राहायचा आम्हाला कंटाळा. जो आधी वर येईल त्यानं दोघांचे बिल्ले फिरवायचे, असं आमचं रोजचं होतं. त्या दिवशी मी आधी आलो. वाटलं, मागून येतोच आहे. मग सुरुंग उडाले."

"तुला कळलं कधी?" ती 'तू'वर आली होती.

"त्याच संध्याकाळी. तुझी आई विचारत आली, जोएल कुठाय म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, बिल्ला तर बाहेर आहे."

आईनं बापाचे सदरे परसात जाळले होते. मरेपर्यंत त्याचं नाव काढलं नव्हतं. मॉरीनला आल्डोचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी आतून कुठूनतरी आनंद होत होता, त्या आनंदाची तिला लाज वाटली. बाप पळाला नव्हता. साठीच्या बाईला बाप परत मिळाला होता, तोही मेलेला. ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

"जीपवर पास्को लिहिलेलं वाचून तुझीच जीप घेतली," आल्डो म्हणाला. "पण तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस होईना. बिल्ला फिरवून जाणार होतो."

"म्हणजे याही वेळी गुपचूपच."

तिनं त्याच्या हातातून बिल्ला घेतला, बाहीनं पुसला आणि स्वतःच्या हातानं 'आत'च्या खिळ्यावर लावला. त्या बाजूला तो एकटाच होता.

"तू जा," आल्डो म्हणाला. "मी चालत उतरेन."

"चालत? आणि दरीत गेलास तर गावाला सांगणार कोण?" तिनं त्याला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला आणि दोनदा ओढून पाहिला. "संध्याकाळी बेकरीत सगळे जमतात. तिथं उभं राहून मोठ्यानं सांगायचं. तोवर मरायचं नाही."

त्या रस्त्यावर मॉरीननं इतकी जपून जीप कधीच चालवली नव्हती.