बेडूकमाशांचा एसी

आमचा एसी कधीच बिघडला नव्हता. तो बिघडलाय असं मी फक्त जाहीर केलं होतं.

बदलापूरला सोनिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, वास्तुशांतीला तो दिला. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या त्यांच्या ओळखीच्या लछुभाईंच्या दुकानातून! बेडरूमच्या भिंतीवर तो बसवला, मी त्याला झालरीचं कव्हर शिवलं, दर दसऱ्याला झेंडूची माळ घातली, पाहुण्यांना लांबून दर्शन दिलं. चालू मात्र कधी केला नाही! (विजेचं बिल नुसतं दारात आलं, तरी माझ्या छातीत कबुतर फडफडतं.)

यंदा पावसानं दडी मारली, बदलापूरची भट्टी झाली आणि अण्णा राहायला आले.

"जावईबापू, एसी लावा की!"

"बिघडलाय हो अण्णा. कॉम्प्रेसर!"

अण्णा हळहळले आणि पंख्याखाली बसले. पंखाही दोनवर; गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेण्यापुरता.

त्याच आठवड्यात आमची ईशा बिल्डिंगमागच्या डबक्यातून बरणीभर बेडूकमासे घेऊन आली. शाळेचं विज्ञान प्रदर्शन!

"बाबा, भिंगातून बघा, पोटाच्या पातळ कातडीआड हृदय उडतंय. पाणी गरम झालं की ते भराभर चालतं, श्वासही वाढतो. गार झालं की दोन्ही मंद. मला ठोके मोजून दाखवायचेत."

"मग टाक बर्फ!"

"एकदम गार केलं तर मरतील! हळूहळू करायचंय. एकही मेला तर माझा प्रोजेक्ट बाद, मॅडमनी बजावलंय."

तिनं वर पाहिलं. तिची नजर झालरीवर. माझीही. आतलं कबुतर उठलंच! पण पोरीचं तोंड बघून मी बापाच्या काळजानं म्हणालो, "लाव. पण दार बंद. आणि अण्णांना कळलं तर माझाच ठोका चुकेल!"

तर बेडूकमासे बेडरूममध्ये, माझ्या उशीशेजारच्या स्टुलावर, काश्मीरच्या हवेत. अण्णा हॉलमध्ये, बनियन पिळत.

दुपारी अण्णा ओरडले, "जावईबापू, या दाराखालून गार वारा येतोय!"

"पूर्वेचं दार आहे ना अण्णा. वास्तूचा गुण!"

अण्णांनी लगेच सतरंजी ओढली आणि टक्कल दाराच्या फटीला लावून आडवे झाले. आता ईशाला आत जायचं तर आजोबांना ओलांडून! मी सुटलो असं वाटलं. पण अण्णांना माझीच दया आली. "एवढी महागाची वस्तू बंद पडली, बिचाऱ्या जावयाला सांगवेना," म्हणत त्यांनी परस्पर लछुभाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी लछुभाई स्वतः हजर! "साईं, हमारा दिया हुआ माल बंद? दुकान की इज्जत का सवाल है!"

मी दाराला पाठ लावून उभा. "आत पाल आहे!"

"पाल को भी देख लेंगे!" म्हणत त्यांनी मला खुर्चीसारखं बाजूला केलं. दार उघडलं. थंडीचा असा लोट आला, की अण्णांच्या घामेजल्या अंगावर काटा आला.

"अरे साईं, ये तो मक्खन चल रहा है! और ये मच्छी किसकी है?"

अण्णांनी चष्मा पुसला. बरणी पाहिली. मला पाहिलं. "मच्छी नाही, बेडूक. बेडकांना एसी. सासऱ्याला पंखा. तोही दोनवर!"

"अण्णा, तो... आत्ताच आपोआप सुरू झाला!"

"बेडकांच्या पायगुणानं वाटतं?" आमची बायको, वर्षा, स्वयंपाकघरातून.

"आई, त्यांना अजून पाय फुटले नाहीयेत," ईशा म्हणाली.

अण्णांची गादी बेडरूममध्ये गेली. माझी उशी हॉलमध्ये आली. रात्रभर आतून एसीची घुरघुर, अण्णांचं घोरणं, आणि बाहेर मी छातीवर हात ठेवून मनातल्या मनात मीटर वाचतोय!

बेडूकमासे एकूण एक जगले. प्रदर्शनात ईशा खणखणीत बोलली, "तापमान वाढलं, की बेडूकमाशांचे ठोके वाढतात. पण हा नियम सगळ्या प्राण्यांना लागू नाही. आमच्याकडे एक प्राणी आहे, खोली गार झाली की त्याचे ठोके वाढतात."

परीक्षक चकित झाले. "असा प्राणी? नमुना आणलाय का?"

पहिल्या रांगेतून अण्णांनी माझा हात धरून वर केला.