दारावरची फुली

कादंबऱ्यांतल्या गुप्त टोळ्या खरंच असतात का, असं तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलंत. फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दुपारी बायका माझ्याकडे गहू निवडायला जमत. मी त्यांना ठगांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मराठीत सांगे. देवीने आपल्या घामातून दोन माणसं घडवली, त्यांना पिवळा रुमाल दिला आणि गळे आवळायला शिकवलं, अशी त्यांची मूळकथा. एकदा गोष्ट रंगावी म्हणून मी पदरचं घातलं: ठग आधी सावजाच्या दारावर खडूने फुली मारतात. पुस्तकात असं काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाजारातून परतलो, तर चार दारांवर फुल्या.

"बाई, हीच का वो ती खूण?" शेजारणीने विचारलं.

ती मी रचली होती, हे पाचजणींसमोर कबूल करायची लाज वाटली. "तशीच दिसते," म्हणाले.

"बघा! शिकलेल्या बाईला ठावं असतंय."

तेवढ्यात सायकलवर ब्लँकेटं विकणारा आला. हिंदी बोलणारा, दर हिवाळ्यात येणारा. घाम पुसायला गळ्यात पिवळं फडकं. "रुमाल बघा त्येचा!" कुणीतरी ओरडलं. पुरुषांनी त्याला विजेच्या खांबाला बांधून काठ्यांनी मारलं. "ठग हायेस ना? बोल!" शेवटी तो हो म्हणाला. मी दारात उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं, बोलले नाही.

संध्याकाळी कळलं, फुल्या आरोग्यसेविकेच्या होत्या. पोलिओचा डोस द्यायला ती आली तेव्हा बंद असलेली घरं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. ब्लँकेटवाल्याचा उजवा हात मोडला होता, एक डोळा गेला होता. "माँजी, आप तो मुझे पहचानती थीं," एवढंच म्हणाला.

घरी येऊन मी बायकांना सगळं खरं सांगितलं. शेजारीण हसली. "आमी भिऊ नये म्हनून म्हनताय व्हय? आन् त्यो सोताच्या तोंडानं कबूल झाला की!"

पुस्तकातले ठगही इंग्रज साहेबाच्या कैदेत असेच कबूल झाले होते. ती पानं मी पूर्वी भराभर उलटली होती.

पोलिओच्या पुढच्या फेरीला सेविका दारोदार खडूने डोसाच्या खुणा करत गेली. तिची पाठ वळताच बायका ओली फडकी घेऊन बाहेर आल्या. ब्लँकेटवाला पुन्हा आला नाही.