वजनात बसलेली घोंगडी

माल तपासणाऱ्या माणसांशी माझं कधी जमलं नाही. ज्याला माल करता येत नाही त्याला तपासायला बसवतात, हे मी लढाईच्या काळात डोळ्यांनी पाहिलं. त्यात अजून फरक पडलेला मला दिसत नाही. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पण घोंगडं हातात घेतलं की सूत कोणत्या घरातल्या बाईनं काढलंय ते मी सांगायचो. आजही सांगेन.

आमची आळी माण तालुक्यातली, सगळी घोंगडी विणणाऱ्यांची. घरोघरी जमिनीत खणलेला मागाचा खड्डा. त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. लढाई पेटली तशी पलटणीला घोंगडी लागू लागली. सांगलीच्या एका ठेकेदारानं काम घेतलं, कऱ्हाडला नदीच्या घाटाजवळ वखार उघडली आणि माल तपासायला एक माणूस बसवला. काळी टोपी, कानावर पेन्सिल, पुढ्यात तराजू.

त्याचा नियम एकच. घोंगडं पक्कं तीन शेर भरलं पाहिजे. भरलं तर शिक्का, नाही तर परत. त्यानं कधी घोंगडं उजेडासमोर धरलं नाही, की मुठीत आवळून पाहिलं नाही. आमच्याकडं चौघं चार टोकं धरायचे, मधे घागरभर पाणी ओतायचे आणि खाली थेंब पडतो का बघायचे. लहान पोराला कळेल अशी ती परीक्षा. या टोपीवाल्याला ती ठाऊकच नव्हती.

माझी पहिली खेप परत आली. माझं सूत बारीक आणि वीण घट्ट, त्यामुळं एकही घोंगडं पावणेतीन शेरांच्या वर जाईना.

"हलका माल आहे," तो म्हणाला.

"सायेब, पानी वतून बगा की."

"इथं पाणी बघत नाहीत, वजन बघतात. चल, पुढचा!"

ओवाळून टाकल्यासारखं मला तोवर कुणी बाजूला सारलं नव्हतं. बापाच्या वेळेपासून आमच्या घरचं घोंगडं लोक काठावरचा लाल धागा बघून मागून न्यायचे. ती खेप मी घरी आणून कोपऱ्यात टाकली आणि पुढच्या घोंगड्यांना लोकर वाढवली. नियम गाढवपणाचा होता, पण तीन शेर म्हणजे लोकरीचेच तीन शेर द्यायचे, असं मी ठरवलं.

आळीनं दुसरा मार्ग काढला. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून त्याची खळ करायची आणि विणण्याआधी सुताला लावायची, म्हणजे सूत तुटत नाही. ही चाल जुनीच. पण आता विणून झालेल्या घोंगड्यावरही हे लोक खळीचा जाड हात मारू लागले. उन्हात वाळलं की घोंगडं पत्र्यासारखं ताठ व्हायचं आणि तराजूत तीन शेर आरामात भरायचं. माझा चुलतभाऊ यात सगळ्यांच्या पुढं.

"पावसात ह्येची लापशी हुईल," मी त्याला म्हणालो.

"हू दे. पाऊस पडंल तितं मी न्हाई, तूबी न्हाई."

"आपल्याच गावची पोरं हायती तितं, पलटणीत."

"मग त्यास्नी लापशी मिळंल रं! उपाशी तर ऱ्हानार न्हाईत."

सगळी आळी हसली. त्यातल्या दोघांचे भाऊ पलटणीत होते, तेही हसले. हे मी विसरलेलो नाही.

पुढच्या खेपेच्या आधी मी लोकर आणायला आठ दिवस मेंढपाळांच्या वाड्यांवर फिरत होतो. परत आलो तर आळीच्या गाड्या जुंपलेल्या. बायकोनं गठ्ठा बांधून ठेवला होता. तो मी सोडून पाहिला नाही, आतली घोंगडीही मोजली नाहीत. माझ्याच मालाला मी काय हात लावून बघायचा? गठ्ठा उचलून गाडीत टाकला आणि निघालो.

कऱ्हाडला माझी सगळी घोंगडी वजनात बसली. तपासनीसानं "दहा" असं मोठ्यानं सांगितलं, पण माझं लक्ष नव्हतं. कारण तेवढ्यात त्यानं चुलतभावाचं ताठ घोंगडं थोपटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "माल असा पाहिजे. यांच्याकडून शीक जरा."

माझं डोकं फिरलं. ते घोंगडं मी त्याच्या हातातून ओढलं आणि घाटाच्या पायऱ्या उतरून नदीत बुडवलं. तो ओरडत मागं आला. मी घोंगडं चोळलं तसा पांढरा चिकट फेस पाण्यावर आला.

"ह्यो बगा तुमच्या पलटनीचा माल! सगळ्यांचा माल भिजवा. माजाबी भिजवा. वाळल्यावर माजं एक जरी उणं भरलं तर मागाचा खड्डा मातीनं बुजवीन."

घाटावर माणसं जमली. आता माघार घेतली तर ठेकेदाराच्या कानावर जाणार, म्हणून त्यानं सगळा माल भिजवायला लावला. दिवसभर आम्ही घोंगडी चोळत होतो. आळीतलं कुणी माझ्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेला माल तराजूत गेला. आळीची घोंगडी सव्वादोन, कुठं अडीच. माझी आठ पुरी तीन शेर. नववं पावणेतीन. दहावंही पावणेतीन.

लाल धागा माझाच होता. पण नवी मी आठच विणली होती. हात लावताच कळलं, ही दोन पहिल्या खेपेची, परत आलेली.

"काय गड्या," चुलतभाऊ म्हणाला, "माती आमी आनू का तुजी तू आनतूस?"

तपासनीसानं माझ्या आठांवर शिक्का मारला आणि बाकी सगळा माल परत दिला. "चोर आहात सगळे," म्हणाला, "आणि हा शहाणाही त्यातलाच." वजनाचा नियम कुणाचा होता, हे त्याला विचारायला मात्र कुणाचं तोंड उघडलं नाही. माझंही त्या दिवशी उघडलं नाही.

घरी आलो. आळी माझ्या मागोमाग दारात.

"खळ कुनी लावली?" मी बायकोला विचारलं.

"मी," बायको म्हणाली.

"कुनाला इचारून?"

"तीन म्हैनं त्या घोंगड्यांवर उंदरं निजत्यात, त्यांनी मला इचारलं का? आवं, माल चांगलाच हुता. मी खळ घोंगड्याला न्हाई लावली, त्या मुडद्याच्या तराजूला लावली."

मी परड्यात गेलो, पाटीभर माती भरली आणि आत आलो. ती मागाच्या खड्ड्यात उतरून बसली होती, पदर खोचून.

"टाका. पयली पाटी माज्या डोक्यावर टाका. मग खुशाल बुजवा आनि हिंडा गावभर शब्द मिरवत."

"ऊठ म्हन्तो."

"न्हाई उठत. एक गठ्ठा सोडून बगायला तुमचं हात झडलं हुतं का?"

दारात कुणीतरी फिसकन हसलं. पाटी डोक्याच्या वर गेली होती. मी तसाच वळलो आणि ती माती दारातल्या बघ्यांच्या अंगावर फेकली.

दुसऱ्या दिवसापासून घरातून जाणारं प्रत्येक घोंगडं मी स्वतः भिजवलं, वाळवलं, तोललं. माणमध्ये पाणी कसं मिळतं ते ज्याचं त्याला ठाऊक. बायकोनं माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. विहिरीवरून माझ्या बरोबरीनं घागरी तिनंच आणल्या.

आळीतले दोघं अजून जिवंत आहेत. पारावर बसून सांगतात, म्हाताऱ्यानं शब्द दिला आणि पाळला नाही. खरं आहे, नाही पाळला. पण चिंचोक्याचा चिखल पोरांच्या अंगावर पाठवणाऱ्यांनी माझा शब्द तोलू नये.